तक्ता उतरवावा की तयार करावा?

प्रश्न: एईएसच्या की शेड्यूलसाठी एस-बॉक्स आणि आरकॉनचे तक्ते आयते घ्यावेत की प्रोग्रॅमनेच बनवावेत?

उत्तर: प्रोग्रॅमनेच बनवा. २५६ आकडे हाताने उतरवताना एखादा हमखास चुकतो. आरकॉन सोपा आहे (आकडे हेक्समधले): ०१ पासून दुप्पट करत जा. ८० च्या दुपटीला आकडा बाइटबाहेर जातो, तेव्हा ११बी शी एक्सॉर करा. १बी येईल, पुढे ३६. एईएस-१२८ ला हे दहा पुरतात. एस-बॉक्ससाठी प्रत्येक बाइटचा, ११बी ने ठरणाऱ्या फील्डमधला गुणाकार-व्यस्त काढा, शून्याचा शून्यच धरा, मग अफाइन रूपांतर. पडताळा: ०० ला ६३, ५३ ला ईडी. मात्र खरी गुपिते सांभाळायची असतील तर प्रोसेसरमधल्या एईएस सूचनाच वापरा. तक्ता वाचायला लागणाऱ्या वेळेवरून की हुडकता येते, हे डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्येच दाखवून दिले आहे.