भोगावतीकाठून कुंडलिकेकाठी

मुंबईहून कोकणात निघालेला प्रवासी पेणला थांबतो तो बहुधा चहापाण्यापुरता, आणि रोहा त्याला लागतच नाही, कारण महामार्ग नागोठण्यावरून कोलाडकडे निघून जातो. यंदा आपल्या मंडळाचे संमेलन याच दोन गावांत भरते आहे. तेव्हा यजमान म्हणून पाहुण्यांना पहिली विनंती अशी, की मंडपातला कार्यक्रम आटोपल्याबरोबर परतीची गाडी धरू नका. एक दिवस हाताशी ठेवा. दोन ठेवता आले तर फारच उत्तम.

पेण भोगावतीच्या काठी वसले आहे. गावाच्या पूर्वेला डोंगर आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्या खाऱ्या जमिनीत भात पिकवायचा, ही इथल्या आगरी शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. बांध फुटला की शेत गेले, म्हणून बांध राखणे हे साऱ्या गावाचे काम. शेताजवळच्या तळ्यातला जिताडा मासा मानाच्या पाहुण्यालाच वाढला जातो, हे मांसाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

पेण म्हटले की गणपती. भाद्रपदात घरोघर मूर्ती येते तेव्हा इथल्या कारखान्यांचे वर्ष संपते आणि विसर्जनानंतर लवकरच नवे सुरू होते. कारखाना म्हणजे धूर सोडणारे धुराडे नव्हे. लांबट पडवी, तीत छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ओळीने बसलेले पांढरे गणपती. शाडूची माती येते गुजरातेतल्या भावनगरकडून. मळलेली माती साच्यात दाबायची, साचा उघडला की हात, सोंड, कान जोडायचे, सांधे ओल्या बोटाने पुसून काढायचे आणि मूर्ती सावलीत वाळू द्यायची. उन्हाची घाई केली तर तडा जातो. पुढे रंग, शेला, पीतांबर, दागिने अशी कामे हातांहाती सरकत राहतात. डोळ्यांची आखणी मात्र ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडेच जाते. बारीक कुंचल्याने तो भुवई ओढतो, बुबुळ भरतो आणि शेवटी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवतो. त्या ठिपक्यासरशी मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. हे पाहायला मिळाले तर कारागिराशी त्या वेळी बोलू नये, एवढेच पथ्य.

पेणच्या भोवती हमरापूर, जोहे, कळवे या गावांतही घराघरांत हेच काम चालते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उत्सवाच्या कितीतरी महिने आधीच बोटीने रवाना होतात. आपल्यापैकी परदेशात राहणाऱ्या अनेकांच्या घरचा गणपती इथल्याच एखाद्या पडवीत घडलेला असेल. प्लास्टरच्या मूर्तींवर निर्बंध आले तेव्हा या गावांच्या पोटावरच घाव बसला, हे खरे. तरीही मला वाटते, पेणचे नाव ज्या मातीने झाले ती शाडूच टिकली पाहिजे. आणि ती टिकवायची असेल तर चार पैसे जास्त मोजण्याची तयारी आपण, मूर्ती घेणाऱ्यांनी, दाखवायला हवी.

पेण तालुक्यातल्याच गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण घर रोह्याचे. १९ ऑक्टोबर १९२० रोजी खुद्द रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. एक भूदानासाठी देशभर पायी हिंडलेला, दुसरा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, तिसरा स्वाध्यायाचा प्रवर्तक. तिघांच्या वाटा किती निराळ्या! पण विनोबांनी आईच्या इच्छेखातर गीता मराठीत आणून ‘गीताई’ दिली, चिंतामणरावांनी राज्यकारभाराच्या व्यापातून ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला आणि शास्त्रीजींनी मुंबईच्या माधवबागेतल्या पाठशाळेतून गीता सांगत ती कोळीवाड्यांपर्यंत पोचवली. संस्कृतातले धन सामान्य माणसाच्या ओंजळीत घालण्याची ही ओढ तिघांतही होती, याचा या भागातल्या माणसाला फार अभिमान वाटतो. चिंतामणराव १९५२ साली आमच्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले होते आणि मुंबई महाराष्ट्राला नाकारली जाते आहे असे दिसताच १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात ते पान आजही ठळक आहे.

पेणहून रोह्याला येताना नागोठण्यात अंबा नदीवरचा जुना दगडी पूल उतरून पाहावा. तो सोळाव्या शतकातला, चौलच्या एका काझीने बांधलेला.

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची जोडगावे, नगरपालिका मात्र दोघांची एकच. कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो तोही रोह्यापासून. ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याला जोडून त्यांची पालखी निघते तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात. त्या दिवशी बाहेरगावी गेलेला रोहेकर काहीही करून घरी येतो.

कुंडलिकेची खरी गोष्ट कळायला वर भिऱ्याला जावे लागते. घाटमाथ्यावर मुळशीला मुळा नदी अडवली आहे. ते पाणी एरवी भीमेतून कृष्णेला मिळून पूर्व समुद्राला गेले असते. ते डोंगरातून खाली भिऱ्याला आणून टाटांनी १९२७ पासून वीज केली आणि वापरलेले पाणी कुंडलिकेत सोडले. म्हणून भर वैशाखातही ही नदी वाहती असते. साजे-कोलाडला रबरी होड्यांतून खळाळत्या पाण्यावर जाण्याचा खेळ चालतो तो याच पाण्यावर. वीजघरातून पाणी सुटते त्या वेळेवरच सारे अवलंबून, तेव्हा सकाळी लवकर पोचावे. मात्र या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी मुळशीचा सत्याग्रह लढवला, हेही होडीत बसलेल्या मुलांना सांगावे.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी अवचितगड चुकवू नये. मेढ्याहून वाट चढते, ती जवळजवळ सगळी दाट झाडीतून, त्यामुळे ऊन फारसे लागत नाही. गडावर तोफा आहेत, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, बारा कोनांचे एक सुबक तळे आहे आणि बुरुजावर शके १७१८चा, म्हणजे इसवी सन १७९६चा, शिलालेख आहे. अक्षरे झिजली आहेत. तिरप्या उन्हात, सकाळच्या वेळी, ती त्यातल्या त्यात बरी लागतात. त्यांवर खडू किंवा पाणी घालू नये. तटावरून कुंडलिकेचे वळण आणि धाटावची कारखानदारी एकाच नजरेत येते. या तालुक्याने रोजगार आणि नदी या दोन्हींचा सांभाळ कसा करायचा, हा इथला आजचा प्रश्न तिथे उभे राहिले की कळतो.

रानाची आवड असणाऱ्यांसाठी मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य आहे. एके काळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. उंच फांद्यांवर शेकरू दिसते, पण त्यासाठी गप्प चालावे लागते.

खाण्याचे सांगायचे तर थंडीत येणाऱ्यांनी पोपटी खाल्ल्याशिवाय जाऊ नये. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवी तर अंडी किंवा कोंबडी, पुन्हा पाला. मग मडके उपडे ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. परतताना पेणच्या बाजारातून पोहे आणि पापड घ्या. इथल्या कितीतरी घरांचा संसार बायकांच्या पापड लाटण्यावर उभा राहिला आहे. पोह्याचे पापड आणि मिरगुंडे त्यांच्याच हातची मागून घ्या.