एटीएममध्ये नवा व्यवहार येतो कुठून?

प्रश्न : एटीएमच्या पडद्यावर एखाद्या दिवशी नवा पर्याय दिसू लागतो, मशीन मात्र तेच असते. हे कसे होते?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : एटीएममधल्या मूळ प्रोग्रामला व्यवहाराचा अर्थ कळतच नाही. कार्ड वाचणे, पिन घेणे, नोटा मोजून देणे, एवढीच सुटी कामे त्याला येतात. ती कोणत्या क्रमाने करायची याचा तक्ता बँकेचा मध्यवर्ती सर्व्हर पाठवतो. एनडीसी या प्रचलित पद्धतीत प्रत्येक पायरीला तीन आकडी क्रमांक आणि एक अक्षर असते : ‘ए’ म्हणजे कार्ड वाचा, ‘बी’ म्हणजे पिन घ्या, ‘आय’ म्हणजे सर्व्हरकडे विनंती पाठवा. ग्राहकाने दाबलेल्या बटणांवरून आठ अक्षरांचा संकेत तयार होतो. शिल्लक दाखवायची की रोकड द्यायची, हे त्यावरून सर्व्हर ठरवतो. त्यामुळे चेकबुक मागणीचा पर्याय वाढवायचा, तर पडद्यावर दाखवायचा नवा मजकूर, तक्त्यात चार-दोन ओळी आणि सर्व्हरवर त्या संकेताची ओळख, एवढ्यावर भागते. त्यासाठी झरी जामणीसारख्या दूरच्या ठिकाणापर्यंत तंत्रज्ञ धाडावा लागत नाही.

सगळेच असे सोपे नसते. यूपीआयने कार्डाविना पैसे काढण्याची सोय देण्यास रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये सर्व बँकांना मुभा दिली. त्यात दर व्यवहाराला पडद्यावर नवा क्यूआर कोड लागतो. जुन्या मशीनला तो काढता येत नसेल, तर सॉफ्टवेअर बदलणे आलेच. आणि नोटा स्वीकारणारे यंत्रच आत नसेल, तर तक्ता कितीही बदलला तरी रोख भरणा होणार नाही.