माग लागलेला कुत्रा हांकेस कां येत नाहीं?

बीगल हा इंग्लंडांतील शिकारी कुत्रा सशाचा माग काढण्याविषयीं प्रसिद्ध आहे. घरीं तो गरीब व प्रेमळ असतो. धन्यानें एकदां हांक मारतांच धांवत येतो. परंतु शेतांत सशाचा वास लागला, कीं तोच कुत्रा हांकेला किंवा शिटीला दाद देत नाहीं. धनी त्याला उद्दाम म्हणतो, व परत आल्यावर झोडपतो. हा न्याय बरोबर आहे काय, ह्याचा विचार ह्या पाठांत करूं.

१. नाकाची रचना.—कुत्रा हुंगतो तेव्हां आंत गेलेल्या हवेचा कांहीं भाग फुप्फुसांकडे न जातां नाकाच्या मागील बाजूस, वास ओळखणाऱ्या त्वचेकडे जातो. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडतो. त्यामुळें समोरचा वास उधळत नाहीं. असें नाक ज्याला लाभलें, त्याचें सारें लक्ष वासाकडे लागावें ह्यांत नवल नाहीं.

२. मनुष्याची निवड.—कुत्र्यांचा जमाव पुढें व शिकारी पायीं मागें, अशी बीगलांच्या शिकारीची रीत होती. म्हणून जो कुत्रा माग सोडीत नसे, त्याचीच वीण मनुष्यानें पुढें चालविली. इंग्लंड व वेल्समध्यें २००४ च्या कायद्यानें कुत्र्यांकडून सशांची शिकार करविण्यास बंदी झाली. पण कायद्यानें रक्तांतला गुण जात नाहीं. ज्या गुणासाठीं आपण त्याला घडविलें, त्याच गुणाबद्दल त्याला मारणें हा न्याय नव्हे.

३. धोका.—तरी ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मागावर गेलेला कुत्रा मोटारीखालीं सांपडतो, किंवा मेंढ्यांच्या कळपांत शिरतो. तेथील १९५३ च्या कायद्याप्रमाणें मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याचा धनी अपराधी ठरतो. आणि कळप वांचविण्यास दुसरा उपाय नसतां कुत्र्यास गोळी घालणाऱ्या मेंढपाळास १९७१ च्या कायद्याचा आधार मिळूं शकतो.

४. शिक्षण.—ठराविक ध्वनीमागून नेहमीं अन्न मिळालें, म्हणजे पुढें नुसत्या ध्वनीनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें, हें रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह ह्यांनीं दाखविलें. शिटीचेंहि तसेंच आहे. प्रथम अंगणांत शिटी वाजवून, कुत्रा येतांच मांसाचा तुकडा द्यावा. मग शांत शेतांत, आणि शेवटीं सशांचा वावर असेल तेथें हाच क्रम चालवावा. तोंपर्यंत छातीच्या पट्ट्यास लांब दोरी असावी. नाक जमिनीस लागलेलें असतां दहादां हांका मारूं नयेत. निष्फळ हांकेनें हांकेचा अर्थच नाहींसा होतो. कुत्रा आल्यावर कधीं कधीं त्याला दोरीसह पुन्हां माग घेऊं द्यावा. म्हणजे परत येणें हा आनंदाचा शेवट नव्हे, हें त्याला कळतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं उशिरां परतलेल्या कुत्र्यास मारूं नये. मार माग घेतल्याबद्दल मिळाला असें त्याला समजत नाहीं. धन्याजवळ आल्याबद्दल मिळाला असेंच तो समजतो, आणि पुढच्या वेळीं आणखी उशीर करितो. इतकें करूनहि कांहीं कुत्रे मागावर असतां हांक ऐकत नाहींत. रस्त्याजवळ व मेंढ्यांजवळ अशांची दोरी कधींच सोडूं नये.

प्रश्न.—(१) बीगलाच्या अंगीं माग न सोडण्याचा गुण कोणीं वाढविला? (२) निष्फळ हांकेनें काय हानि होते? (३) परत आलेल्या कुत्र्यास मारिलें, तर तो काय शिकतो?