उज्जैनला विमानाने: तिकिटाबाहेरचा हिशोब

महाकालाच्या दर्शनाला विमानाने निघालेला माणूस उतरतो इंदूरला. उज्जैनला मोठ्या विमान कंपन्यांची सेवा नाही. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून पुढे सुमारे 55 किलोमीटर रस्ता आहे. मुंबई-इंदूर हवाई अंतर 500 किलोमीटरच्या आसपास, उड्डाण साधारण सव्वा तासाचं. तिकीट काढताना हाच सव्वा तास डोळ्यांसमोर असतो आणि तिथेच हिशोब चुकतो.

घरापासून मोजा. मुंबईत विमानतळ गाठायला तास-दीड तास, सामान देण्याची खिडकी उड्डाणाआधी तासभर बंद होते म्हणून दीड-दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर बॅग येईपर्यंत अर्धा तास, मग टॅक्सीचा दीड तास. सहा-सात तास सहज जातात, तेही जागेपणी. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस रात्रभर झोपवून सकाळी थेट उज्जैनला उतरवते. मुंबईकरांनी विमानाच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांचा.

पुण्याचं गणित वेगळं. तिथून इंदूरची गाडी वसई, सुरत, रतलाम असा वळसा घेते आणि उज्जैनपर्यंत पंधरा तासांच्या आसपास लागतात; थेट विमान बऱ्या भावात मिळालं तर जरूर घ्या. नागपूरकरांना वंदे भारत थेट उज्जैनला नेते.

आता पैसे. पडद्यावरच्या भाड्यात पुढे माणशी सुविधा शुल्क वाढतं, आवडीची खिडकी घेतली तर तिचे वेगळे. स्वस्त तिकिटावर सहसा 15 किलोची बॅग आणि हातात 7 किलो एवढीच मुभा असते. जादा किलोचे पैसे काउंटरवर जास्त पडतात, ते आधीच ऑनलाइन भरावेत. टॅक्सीचे एका बाजूचे दीड-दोन हजार धरून चाला. चौघांत ते वाटले जातात, एकट्याला मात्र कधी कधी तिकिटाइतकेच जड होतात. टॅक्सी ठरवताना टोल आणि पार्किंग भाड्यात धरलं आहे का, हे बसण्याआधी विचारा.

भस्म आरती पहाटे 4 वाजता असते आणि रांग मध्यरात्रीनंतरच लागते. म्हणजे कसेही गेलात तरी एका रात्रीच्या खोलीचे पैसे धरायलाच हवेत. आरतीची नोंदणी आधी पक्की करा, तिकीट नंतर काढा. उलटं केलं तर तारीख बदलण्याचा भुर्दंड बसतो. 2028 च्या सिंहस्थात तर खोलीपासूनच सुरुवात करावी लागेल.

बेत फिसकटलाच तर लक्षात ठेवा: रद्द शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. ना-परतावा तिकिटावरही विमानतळ वापर शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. ते मागून घ्या.