हँडब्रेक का ढिला पडतो?

इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्‌स मोटार बनत असे. तिचे वजन 900 किलोग्रॅमहून थोडे अधिक. दर 6 मीटरला 1 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तिला खाली ओढणारे बल सुमारे 150 किलोग्रॅम-भार असते. हँडब्रेक ते पेलतो तरफेच्या जोरावर. पण तरफेने बल जेवढ्या पट वाढते, तेवढ्या पट सरकण्याचे अंतर घटते. मागच्या ड्रममधील ब्रेक-लायनर झिजले, की दांड्याची बरीच चाल फट भरण्यातच संपते.

म्हणून नुसती केबल ताणू नये. मोटार सपाट जागी उभी करून, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागची बाजू भक्कम स्टँडवर घ्यावी. आधी ड्रममागचा चौकोनी डोक्याचा स्क्रू फिरवून फट कमी करावी. चाक मात्र मोकळे फिरले पाहिजे. केबलची पाळी त्यानंतर!