भुज, कोटी आणि कर्ण : गणिती विधानाचे वाचन

मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत काटकोन त्रिकोण पाहून आपण थबकला असाल. शालेय वयात गणिताने ज्यांना छळले, त्यांना पान उलटावेसेही वाटेल. परंतु या पाठाचा विषय भाषाच आहे. त्रिकोणाची अज्ञात बाजू काढताना पुष्कळांची चूक आकडेमोडीच्या आधी, विधान वाचतानाच झालेली असते.

नियम परिचित आहे. काटकोनासमोरील बाजू म्हणजे कर्ण. त्याचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. कर्ण अज्ञात असल्यास वर्गांची बेरीज करावी, अन्य बाजू अज्ञात असल्यास कर्णाच्या वर्गातून ज्ञात बाजूचा वर्ग वजा करावा, आणि मग वर्गमूळ घ्यावे. म्हणजे बेरीज की वजाबाकी, हे एका शब्दाच्या अर्थावर ठरते.

शाळेत आपण 'पाया' आणि 'उंची' हे शब्द शिकलो. आकृती सरळ उभी असेपर्यंत ते उपयोगी पडतात. ती कलली की पाया कोणता, याचा संभ्रम होतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ. स. ११५०) परिभाषा येथे अधिक काटेकोर आहे. काटकोन करणाऱ्या दोहोंपैकी कोणत्याही बाजूस 'भुज' म्हणावे. मग दुसरी आपोआप 'कोटी' ठरते. ही नावे सापेक्ष आहेत, कर्ण मात्र निश्चित. गंमत अशी की, छंदाच्या सोयीसाठी ग्रंथकार कर्णाला 'श्रुति'ही म्हणतात. कर्ण म्हणजे कान, म्हणून कानाचा पर्यायशब्दही चालला! पारिभाषिक शब्दाला पर्याय नसतो, हा आपला समज येथे डळमळतो.

(याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखाचा काही भाग मराठीत आहे.)

आता 'लीलावती'तील मोर आणि सापाचे उदाहरण पाहू. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी बीळ असून २७ हातांवरून साप त्याकडे येत आहे. मोर तिरकस झेप घेतो आणि दोघे सारखेच अंतर कापून भेटतात. बिळापासून किती हातांवर?

येथे 'कर्ण' हा शब्द नाही. तो 'तिरकस' या विशेषणात दडला आहे. खांब ही कोटी, बिळापासून भेटीच्या जागेपर्यंतचे अंतर हा भुज आणि मोराची झेप हा कर्ण. 'सारखेच अंतर' या शब्दांमुळे भुज व कर्ण यांची बेरीज २७ होते. कर्णवर्गातून भुजवर्ग वजा केल्यास कोटीचा वर्ग, ८१, उरतो. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. म्हणून ८१ भागिले २७, म्हणजे ३, हा कर्ण व भुज यांतील फरक. २७ मधून ३ वजा करून निम्मे केले की भुज १२ हात येतो आणि कर्ण १५ हात.

स्वयं-अध्ययन : पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या उभ्या भिंतीला १३ फूट लांबीची शिडी टेकवली आहे. तिचा पाय भिंतीच्या तळापासून सपाट जमिनीवर ५ फुटांवर आहे.
(अ) कर्ण सुचविणारा शब्द कोणता? काटकोन कोणत्या शब्दांवरून कळतो?
(आ) शिडी भिंतीवर किती उंचीला टेकली आहे?
(इ) उत्तर कर्ण येईल अशा रीतीने हेच विधान पुन्हा लिहा.