नवेगावबांध : तलाव बांधणारा पाटील देव कसा झाला?

गोंदिया जिल्ह्यात देवदर्शनासाठी येणारे बहुसंख्य भाविक महाशिवरात्रीला प्रतापगडाची आणि माघ पौर्णिमेला कचारगडाची वाट धरतात. परंतु अर्जुनी-मोरगाव तालुक्यातच असे एक देवस्थान आहे की, जेथील देव कोणे एके काळी पाटील होता. नवेगावबांध येथील विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी नोंद आहे. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर देव मानले. बांधालगतच्या टेकडीवर त्यांचे ठाणे आहे. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या देवींच्या साहाय्यानेच बांध पुरा झाला, अशी श्रद्धा आहे.

श्रद्धेइतकीच येथील स्थापत्यदृष्टीही नवल वाटावी अशी आहे. टेकड्यांचे नैसर्गिक कडे हीच तलावाची भिंत. माणसाने केवळ मधल्या खिंडी मातीच्या बांधाने बुजविल्या. त्यामुळे थोड्या बांधकामात सुमारे अकरा चौरस किलोमीटर क्षेत्रात पाणी साठले. यंत्रे व नकाशे नसताना पाण्याचा उतार केवळ नजरेने हेरणे, हे कोहळी समाजाचे वंशपरंपरागत कौशल्य. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या समाजास आपल्या मुलखात आणले, असे परंपरा सांगते. म्हणजे हे तलावही एका तीर्थयात्रेचेच फळ म्हणावयाचे!

येथे पाऊस भरपूर पडतो, मग तलावांची गरज ती काय? पाऊस पडतो तो चार महिन्यांत. धान निसवण्याच्या वेळी, भाद्रपद-आश्विनात, त्याने दडी मारली की लोंबीत दाणा भरत नाही. त्या पंधरा-वीस दिवसांचे पाणी तलाव राखून ठेवतो. वरचा तलाव भरला की त्याचे सांडपाणी खालच्या तलावात जाते. अशा साखळ्या गावोगावी आढळतात. पूर्व विदर्भातील अशा जलाशयांची संख्या हजारांच्या घरात आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पडले. सरकारी कागदांतून ते ‘मामा तलाव’ झाले, आणि लोकांच्या तोंडी हेच नाव रुळले आहे.

नाव जिव्हाळ्याचे असले तरी मामाची प्रकृती ठीक नाही. मालकी बदलल्यावर दरवर्षी गाळ काढण्याची आणि पाळ डागडुजीची रीत बऱ्याच ठिकाणी मोडली. बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. माशांना व पक्ष्यांना आधार देणाऱ्या देशी पाणवनस्पती आणि काठाला आपोआप उगवणारे रानभात, ज्याला देवधान म्हणतात, तेही कमी झाले. याच तालुक्यातील काही गावांत धीवर समाजातील स्त्रियांनी बेशरम उपटून तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. हे काम वाचताना सोपे वाटते, पण ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून करावे लागते.

या तलावांवर आणखी एका जीवाचे अस्तित्व टिकून आहे, तो म्हणजे सारस. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत हा जगातील सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ माणसाएवढा भरतो. वाल्मीकींच्या करुणेला वाचा फोडणारा क्रौंच म्हणजे सारसच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्रात त्याची मुख्य वस्ती गोंदिया जिल्ह्यातच उरली असून अलीकडच्या गणनांत त्याची संख्या पन्नाशीच्याही आत आढळली आहे. विजेच्या तारा व शेतातील कीटकनाशके हे त्याचे मोठे शत्रू. तो घरटे बांधतो धानाच्या बांधीत, उथळ पाण्यात, आणि बहुधा दोनच अंडी घालतो. त्यामुळे एक घरटे मोडले तरी हानी मोठी होते. घरट्यासाठी धानाचा तुकडा तसाच सोडून देणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काही वर्षे काढली व तेथील पक्षिजीवन मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले. हे अरण्य १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले.

सारस पाहू इच्छिणाऱ्या यात्रेकरूंना गोंदियाजवळील परसवाडा व झिलमिली येथील तलावपरिसरात पहाटेच्या वेळी जोडी दिसण्याचा संभव असतो. पावसाळ्यात मात्र बांधीत उतरू नये, रस्त्यावरूनच पाहावे. तसेच निर्माल्य व प्लॅस्टिकच्या पिशव्या तलावात टाकू नयेत. तेच पाणी खाली धानाला जाते.